माणच्या मुलांनी निवडावे तरी कशातून?

दहावीची परीक्षा संपली की आपल्याकडे व्यवसाय मार्गदर्शनाचा हंगाम सुरू होतो. सभागृहे भरतात, तज्ज्ञ येतात आणि ‘मुलाचा कल ओळखा, मग वाट निवडा’ असा उपदेश पालकांना केला जातो. हा उपदेश चुकीचा नाही; तो अपुरा आहे. मुलापुढे पुष्कळ वाटा मोकळ्या आहेत, त्याला केवळ त्यांची माहिती नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. साताऱ्यातील माण-खटाव आणि सांगलीतील आटपाडी-जत या दुष्काळी पट्ट्यात हे गृहीतच टिकत नाही.

माणदेशातील तरुणांच्या वाटा त्यांच्या आवडीने नव्हे, पावसाने ठरविल्या. शेत पिकले नाही की मुंबई गाठायची आणि गिरणीत नाहीतर माथाडीच्या कामावर उभे राहायचे, ही एक वाट. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दार बंद झाले. खानापूर-आटपाडीकडची मुले सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभरच्या शहरांत पांगली, ही दुसरी वाट. मिसरूड फुटण्याआधी दूरच्या प्रांतातील भट्टीपाशी बसलेल्या मुलाला ‘तुझा कल कोणता?’ असे कोणी विचारले होते काय?

अलीकडे तिसरी वाट रुंदावली आहे, ती स्पर्धा परीक्षांची. या भागातून अनेक अधिकारी निर्माण झाले, याचा अभिमान रास्तच आहे. पण २०२३ च्या केंद्रीय नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि अखेर शिफारस झाली ती १,०१६ जणांची. जो साहेब झाला त्याची गावात मिरवणूक निघते. पुण्यात उमेदीची चार-पाच वर्षे घालवून जे परतले, त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. शेळ्या विकून ज्या बापाने खोलीभाडे भरले, त्याला हा हिशोब आधी कोणी सांगितला नव्हता.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यव्यापी कल चाचणी सुरू झाली. शेती, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तंत्रविद्या, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कोठे आहे, हे ती सांगे. परंतु वाडीवरच्या मुलीचा कल आरोग्यक्षेत्राकडे आहे असा कागद हाती आला, आणि विज्ञान शाखेचे महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा, वसतिगृहात जागा नाही, घरात लग्नाची बोलणी सुरू, अशी स्थिती असली, तर त्या कागदाचे तिने काय करावे? अशा वेळी मार्गदर्शन तिला निवडीचे स्वातंत्र्य देत नाही. व्यवस्थेचा दोष तिच्या माथी मारते. ‘तुला सांगितले होते, तूच प्रयत्न केला नाहीस,’ असे म्हणायची सोय तेवढी होते.

या प्रश्नाचे मूळ ज्यांनी अचूक ओळखले, त्या महात्मा फुल्यांच्या घराण्याचे गाव कटगुण, माणला लागूनच असलेल्या खटाव तालुक्यातले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी गावच्या शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि प्रत्यक्ष शिक्षणासाठी लहानसे नमुना शेत जोडावे, अशी मागणी केली. सरकारी शिक्षण कारकून आणि शिक्षक घडविण्यापुरतेच उपयोगी आहे, हा त्यांचा आक्षेप होता. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम आणि विद्या यांची सांगड घालून गरिबाच्या मुलाला शिकणे शक्य करून दाखविले. त्यांनी उपदेशाआधी वसतिगृह दिले, हे विसरता कामा नये.

येथे एक रास्त शंका उभी राहते. शिक्षण गावच्या कामाशी जोडायचे म्हणजे मेंढपाळाच्या मुलाला मेंढरामागेच ठेवायचे काय? मुळीच नाही. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात, अशी योजना आणली. ती जातीचा धंदा पक्का करणारी आहे म्हणून प्रखर विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळावी लागली. आपली मागणी याच्या नेमकी उलट आहे. मुलाने गावातले सारे धंदे पाहावेत, त्यांतील नफातोटा तपासावा आणि मग राहायचे की जायचे हे स्वतः ठरवावे.

यासाठी आठवी-नववीपासून आपल्या तालुक्याची पाहणी हाच अभ्यास व्हावा. गावातून कोण कोठे गेले, काय कमावले, कोण का परतले, याची वही मुलांनी तयार करावी. गलाईवाल्याला, परतलेल्या उमेदवाराला, परिचारिकेला, पंप दुरुस्त करणाऱ्याला वर्गात बोलावून प्रश्न विचारावेत. कोणत्या शिक्षणाला किती वर्षे आणि किती पैसा लागतो, शिष्यवृत्ती कोणती मिळते, अपयश आले तर दुसरी वाट कोणती, हे गणिताच्या तासाला मांडावे. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत आणले. जिहे-कठापूर योजना खटाव-माणसाठी आहे. पाण्याबरोबर पाणी मोजणारे, यंत्रे सांभाळणारे, पाणीवापर संस्थांचे हिशोब ठेवणारे, डाळिंबाची साठवण व प्रक्रिया जाणणारे हातही लागतात. ते हात इथल्याच मुलामुलींचे का नसावेत? तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत त्यांना अनुरूप अभ्यासक्रम का नसावेत?

कार्यकर्त्यांनी यंदा दहावीच्या निकालाची वाट न पाहता कामाला लागावे. आपल्या गावातील दहावीच्या प्रत्येक मुलामुलीची यादी करा. कोणाला काय शिकायचे आहे आणि कशापायी अडले आहे, हे घरोघर जाऊन लिहून घ्या. ‘एसटी नाही’, ‘वसतिगृह नाही’, ‘शाखा नाही’ अशी उत्तरे येतील. ती घेऊन पंचायत समितीवर, आगारावर, जिल्हा परिषदेवर जा. गुणवंतांचे सत्कार जरूर करावेत. पण हार घालायला उभे राहताना, ज्या मुलीचे नाव अकरावीच्या पटावर आलेच नाही तिच्या घरी आपण गेलो होतो काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.