पिन मारण्याआधी

गिऱ्हाईक तक्रार सांगतं ती दोन शब्दांत : "वायफाय गेलं." आपणही ती तशीच तिकिटावर उतरवून घेतो. पण या दोन शब्दांत तीन निरनिराळे आजार असतात. एकाच्या फोनवर नेटवर्कचं नावच दिसत नाही. दुसऱ्याला नाव दिसतं, पण जोडलं जात नाही. तिसऱ्याचं जोडलं जातं, रेंज भरपूर असते, पण एक पान उघडत नाही. पहिल्याचं मूळ राउटरच्या रेडिओत किंवा विजेत शोधावं लागतं, तिसऱ्याचं बहुधा फायबरमध्ये किंवा लॉगिनमध्ये. असं असूनही घरात पाऊल टाकताच आपला हात राउटरचं रिसेट दाबायच्या, खिशातल्या पिनेकडे जातो.

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या एका घरी मी दोनदा अशी पिन मारून आलो. दोन्ही वेळा नेट चालू झालं, काकूंनी चहा दिला, तिकीट बंद झालं. तिसऱ्यांदा तक्रार आली तेव्हा मी सरळ विचारलं, "काकू, नक्की कुणाचं नेट गेलंय?" त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या फोनवर तर सगळं चालू आहे. लेकीच्या लॅपटॉपवर नाव येत नाही." लेक न्यू जर्सीहून दोन महिन्यांसाठी आली होती, लॅपटॉप तिकडचा. राउटरचं पान उघडलं तर तो १३ नंबरच्या चॅनेलवर बसलेला. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १ ते १३ चॅनेल चालतात. अमेरिकेत विकली जाणारी बरीच यंत्रं ११ च्या पुढे ऐकतच नाहीत. बिल्डिंगमध्ये वीज जाऊन आली की राउटर नव्याने मोकळी जागा शोधायचा आणि शेजाऱ्यांची गर्दी टाळून १३ वर जायचा. मी पिन मारली की तो दुसरीकडे बसायचा आणि मला वाटायचं, दुरुस्ती झाली. ऑटो बंद करून चॅनेल ६ ठेवला. त्यानंतर त्या घरातून ही तक्रार आली नाही.

हा प्रसंग मी मुद्दाम लिहितो आहे. रिसेटने बिघाड जात नाही, बिघाडाचा पुरावा जातो. राउटरच्या नोंदी, चालू चॅनेल, कोणत्या वेळी काय तुटलं, सगळं पुसलं जातं. पीपीपीओईचं लॉगिन हाती नसेल तर चालू असलेली लाइनही आपणच बंद पाडतो.

म्हणून आधी दिवे बघा. एलओएस लाल असेल तर वायफायच्या मागे लागूच नका. पॅचकॉर्ड कपाटामागे मुडपली आहे का ते पाहा आणि मीटर लावा. जीपॉनवर उणे २७ डीबीएमच्या खाली गेलेल्या प्रकाशाला कोणतीही सेटिंग वाचवत नाही. दिवे ठीक असून नाव गायब असेल तर वायफायचं बटण पोराच्या हाताने दाबलं गेलं आहे का, रात्री वायफाय बंद ठेवण्याची वेळ कुणी लावली आहे का, हे विचारा.

ॲडॉप्टरवर मात्र आपण फारच आंधळा विश्वास ठेवतो. जुना झालेला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर मोकळा मोजला तर मीटरवर १२ दाखवतो आणि भार पडला की खाली बसतो. राउटरचे दिवे पेटलेले राहतात, पण अधूनमधून रेडिओ झोपतो किंवा राउटर स्वतःच पुन्हा सुरू होतो. बॅगेत एक खात्रीचा ॲडॉप्टर असलाच पाहिजे.

५ गिगाहर्ट्झचं नाव अचानक जातं आणि थोड्या वेळाने परत येतं, अशी तक्रार असेल तर चॅनेल ५२ ते १४४ च्या टापूत आहे का ते बघा. तिथे रडारची चाहूल लागली की राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो, अर्धा तास तिथे परतता येत नाही आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर जाताना मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. हा राउटरचा दोष नाही, तो नियम पाळतो आहे. ३६ ते ४८ मधला चॅनेल दिला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. काल-परवा घरात लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा हलला असेल तर तेही विचारायला हवं. अशा आडोशाने सिग्नल पडतो, आणि ३ डीबी घट म्हणजे निम्मी शक्ती गेली.

गिऱ्हाइकाला फोनवर 'बंद करून चालू करा' सांगणाऱ्या कॉल सेंटरच्या मंडळींवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर यंत्र नसतं. आपल्यासमोर असतं. वाचकांना एवढीच विनंती आहे : येता महिनाभर प्रत्येक तिकिटावर पिन मारण्याआधी तीन गोष्टी लिहा. कोणत्या यंत्रावर नेट गेलं, कोणते दिवे पेटले होते आणि चॅनेल कोणता होता. ती टिपणं आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.