तळपायाची आग, डोळ्यांची जाग

रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातला दिवा लागतो. घरातले वडीलधारे कोणीतरी उठून थंड फरशीवर पाय टेकवून बसलेले असते. दिवसभर हिंडतेफिरते माणूस. पण रात्री पाठ टेकली की तळपाय पेटतात, पोटऱ्यांत मुंग्या येतात, अंगावरच्या चादरीचा स्पर्शही टोचतो. कोणी काशाच्या वाटीने तळवे चोळून देते. घटकाभर बरे वाटते, पुन्हा आग. सकाळी दवाखान्यात साखरेचा आकडा पाहिला जातो, गोळी बदलली जाते, पुढची तारीख मिळते. रात्र कशी गेली हे डॉक्टर विचारत नाहीत. पेशंटही सांगत नाही. पाय दुखले तर झोप कुठून येणार, त्यात सांगायचे काय, असे त्याला वाटते.

सांगायला हवे ते नेमके हेच आहे. दुखण्याने झोप उडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. झोप उडाल्याने दुखणे वाढते, हे मात्र आपल्या घरांनी, दवाखान्यांनी आणि सरकारने अजून मनावर घेतलेले नाही. ही ढिलाई आता परवडणारी नाही, कारण अशा रात्री काढणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. मधुमेह जुना होत गेला की सुमारे निम्म्या रुग्णांच्या नसांना कधी ना कधी इजा पोहोचते. सगळ्यांनाच वेदना होतात असे नाही, काहींचे पाय नुसते बधिर होतात. पण ज्यांना आग, झिणझिण्या आणि करंट बसल्यासारखी कळ सोसावी लागते, त्यांचीही गणती देशात कोट्यवधींत जाईल. त्यात नागीण बरी होऊनही कळ मागे राहिलेले आणि मणक्यात नस दबलेले लोक मिळवा.

झोपेचा आणि नसेच्या दुखण्याचा संबंध कसा, ते समजून घेण्यासारखे आहे. पायातून निघालेली कळ पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जाते. मेंदू ती मुकाट्याने सोसत नाही. तोही कण्यातून खाली निरोप धाडून कळेचा जोर कमी करतो. शरीराचे हे स्वतःचे वेदनाशामक झोपेवर फार अवलंबून असते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये निरोगी स्त्रियांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना रात्रभर थोड्या थोड्या वेळाने उठवले, काहींना उशिरा झोपू देऊन सलग झोपू दिले. झोपेचे एकूण तास दोन्ही गटांचे जवळपास सारखे. तरी वेदना दाबण्याची ताकद कमी झाली ती पुन्हा पुन्हा उठवलेल्या स्त्रियांची. म्हणजे घड्याळात सात तास भरले म्हणून भागत नाही. झोप किती वेळा मोडली, हे मोजायला हवे.

२०१९ मध्ये बर्कले येथील संशोधकांनी निरोगी तरुणांना एक रात्र जागवले आणि सकाळी त्यांच्या पायाला चटका देत मेंदूचे चित्रण केले. वेदना टिपणारा मेंदूचा भाग जास्त चेकाळलेला दिसला आणि वेदनेला आवर घालणारे भाग मंदावलेले. नीट झोप झाल्यावर जी ऊब सोसत होती, तीच आता दुखू लागली. धडधाकट तरुणांची ही गत एका रात्रीत होते. ज्यांच्या नसा आधीच दुखावल्या आहेत आणि जे वर्षानुवर्षे तुटक झोपत आहेत, त्यांचे काय होत असेल?

मधुमेहींच्या बाबतीत हा फास दुहेरी आहे. शिकागो विद्यापीठात ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमताच ढासळली. हा अभ्यास १९९९ सालचा आहे. अपुऱ्या झोपेने साखर चढते. चढलेल्या साखरेने रात्री तीन-तीनदा लघवीला उठावे लागते, म्हणजे झोप पुन्हा मोडते. वाढलेली साखर नसा पोखरत राहते, आणि पोखरलेल्या नसा झोपू देत नाहीत. या साखळीतला एक दुवा प्रत्येक घरात हसण्यावारी नेला जातो, तो म्हणजे घोरणे. घोरता घोरता श्वास अडकून दचकून जाग येणे हा आजार आहे. हा आजार असलेल्या मधुमेहींमध्ये नसांची इजा अधिक आढळते, असे बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २०१२ मध्येच दाखवले. त्याची तपासणी होते, त्यावर उपचार आहेत. पण ‘बाबा ढाराढूर झोपतात’ म्हणणाऱ्या घराला ते माहीतच नसते.

आणि मग सुरू होतात घरगुती धाडसे. औषधाच्या दुकानातून पेनकिलर आणली जाते. सांधेदुखीच्या त्या गोळ्या नसेच्या दुखण्यावर सहसा चालत नाहीत, मधुमेहीच्या मूत्रपिंडांना मात्र घातक ठरतात. कोणी शेजाऱ्याची झोपेची गोळी घेतो. श्वास अडकणाऱ्या माणसाला ती जिवावर बेतू शकते. कोणी दोन घोट घेऊन झोपतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप विस्कटते आणि नसांना दारूची इजा होते ती वेगळीच. सगळ्यांत वाईट वाटते ते गरम पाण्याच्या बादलीचे. बधिर पायांना चटका कळत नाही. फोड येतो, जखम चिघळते, आणि काही जणांची गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. मायेने भरलेली ती बादली असते, म्हणून तर हे ओरडून सांगायला हवे.

उपाय नाहीत असे नाही. नसेच्या दुखण्याची औषधे वेगळी आहेत, आणि त्यांतली काही झोपेलाही मदत करतात. कोणती, किती आणि कोणत्या वेळी, हे रात्रीची हकीगत ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्या काहींना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते आणि त्यानेही हातापायांना मुंग्या येतात. शाकाहारी घरांत याची तपासणी चुकवूच नये. औषधांशिवाय झोपेची घडी बसवण्याची शास्त्रशुद्ध पद्धतही आहे, पण ती शिकवणारी माणसे जिल्हा रुग्णालयांतही हवीत.

इथे सरकारची जबाबदारी सुरू होते. तीस वर्षांवरील लोकांच्या तपासणीसाठी आशाताई घरोघर जातात. साखर आणि रक्तदाबाबरोबर त्यांनी दोन प्रश्न विचारावेत: रात्री पायांची आग होते का, आणि किती वेळा जाग येते? याला खर्च काहीच नाही. दुसरी गोष्ट आवाजाची. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असा नियम २००० सालापासून आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोप हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तरीही मध्यरात्री डीजेच्या भिंती थरथरतात आणि चौकीतला फोन वाजत राहतो. ज्याला मुश्किलीने दीडला डोळा लागला आहे, त्याला पावणेदोनला उठवणे हे त्याच्या दुखण्यात भर घालणे आहे. तक्रार आली की पोलिसांनी ती या गांभीर्याने घ्यावी. रात्रपाळीच्या वॉचमनला, परिचारिकेला, कारखान्यातल्या कामगाराला मधुमेह असेल, तर पाळ्या लावताना मालकांनी ते ध्यानात घ्यावे.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरात कोणी रात्री पाय चादरीबाहेर काढून जागे बसत असेल, तर उद्यापासून एक वही उशाशी ठेवा. किती वाजता डोळा लागला, किती वेळा जाग आली, पायांनी उठवले की लघवीने, घोरताना श्वास अडकला का, एवढेच दोन आठवडे लिहा. साखरेच्या रिपोर्टबरोबर ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, आणि ती वाचून होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.