आठ घोड्यांची मोटार आणि गॅरेजमधली आपली मुले

मोटारींची शर्यत हा श्रीमंतांचा खेळ, त्याचे आपल्या घरात काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु आज ज्या मोटारीची हकीकत सांगावयाची आहे, ती ज्यांचा मुलगा गॅरेजमध्ये कामाला जातो अशा प्रत्येक आईवडिलांनी वाचावी अशी आहे. आणि साजगाव, खोपोली, शिळफाट्यापासून थेट खालापूरपर्यंत अशी घरे थोडीथोडकी नाहीत.

इंग्लंडमध्ये १९७३ पासूनच्या तीन-चार वर्षांत ‘एनफिल्ड ८०००’ नावाची एक चिमुकली मोटार निघाली होती. नाव ऐकून बुलेट डोळ्यांसमोर येईल, पण ही चार चाकांची गाडी. लांबी तीन मीटरपेक्षा कमी, बसणार दोघे. ती पेट्रोलवर नव्हे, विजेवर चाले. ट्रकमध्ये असतात तशा शिशाच्या बॅटऱ्या आणि फक्त आठ अश्वशक्तीची मोटर. म्हणजे आपल्याकडच्या साध्या स्कूटरएवढीच ताकद! बाजारहाटापुरती ठीक. जेमतेम सव्वाशेच्या आत गाड्या बनल्या, त्यांतल्या निम्म्या तेथील विजेच्या मंडळांनीच घेतल्या. किंमत जास्त आणि धाव कमी, त्यामुळे ती गाडी मागे पडली.

जवळजवळ चाळीस वर्षांनी जॉनी स्मिथ या इंग्रज मोटार-पत्रकाराने त्यातली एक जुनी गाडी घेतली. जाणकार कारागिरांच्या मदतीने ती नव्याने उभी केली. शिशाच्या बॅटऱ्या जाऊन लिथियमच्या आल्या. एका लहान मोटरच्या जागी दोन मोठ्या मोटरी बसल्या. गाडीला नाव दिले ‘फ्लक्स कपॅसिटर’. २०१६ साली सँटा पॉड येथील धावपट्टीवर या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या गाडीने पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर दहा सेकंदांच्या आत कापले. शेवटी तिचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या वर होता. आठ घोड्यांची ताकद आठशेच्या घरात गेली होती.

अशा शर्यतीला ड्रॅग रेस म्हणतात. वळण नाही, घाट नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ सुटायचे. आपल्या बोरघाटाच्या वर, आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरही ‘व्हॅली रन’ या नावाने अशा शर्यती भरवल्या गेल्या आहेत.

आता थोडा हिशेब करू. आठशे अश्वशक्ती म्हणजे सुमारे सहाशे किलोवॅट. एवढी वीज दहा सेकंद वापरली तर किती युनिट पडतील? उत्तर ऐकून नवल वाटेल. दोन युनिटसुद्धा नाहीत! मग एवढ्याशा विजेत गाडी उडाली कशी? तर प्रश्न वीज किती हा नसून ती किती झपाट्याने बाहेर पडते हा आहे.

हे समजायला खोपोलीसारखी दुसरी शाळा नाही. १९१५ पासून टाटांचे वीजघर येथे चालू झाले. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळातून खाली येते आणि जनित्राची चाके फिरवते. तेच पाणी ओढ्यातून झिरपत आले असते तर पिठाची गिरणीही चालली नसती. नळातली उंची म्हणजे व्होल्ट, आणि दर सेकंदाला येणारे पाणी म्हणजे अँपिअर. दोहोंचा गुणाकार म्हणजे ताकद. जुन्या गाडीत ४८ व्होल्टची बॅटरी होती. १२५ अँपिअर ओढले तर सहा किलोवॅट, म्हणजेच आठ अश्वशक्ती. उलट ४०० व्होल्ट आणि १५०० अँपिअर धरले तर सहाशे किलोवॅट होतात. शिशाची बॅटरी एवढा प्रवाह एकदम देताना मान टाकते, लिथियमची चांगली बॅटरी देऊ शकते. सारा चमत्कार एवढ्यातच आहे.

दुसरी गोष्ट मोटरची. पेट्रोलचे इंजिन आधी फिरावे लागते, मग जोर धरते. विजेची मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर लावते. खोपोली-कर्जत लोकलने जाणाऱ्यांना हे सांगायला नको. खचाखच भरलेली गाडी स्टेशनातून कशी झटक्यात उचलते! स्मिथच्या गाडीतल्या मोटरी डी.सी. जातीच्या, मुंबईच्या जुन्या लोकल गाड्यांनाही डी.सी. मोटरीच होत्या. आणि विजेच्या वेगाची ही गोष्टसुद्धा काल-परवाची नाही. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा जगात पहिल्यांदा ओलांडणारी मोटार १८९९ साली धावली, तीही बॅटरीवरचीच होती.

शर्यतीचे सोडून देऊ. या हकीकतीतून आपल्या मुलांनी घ्यायचे काय? विजेच्या गाडीत क्लचप्लेट नाही, कार्बोरेटर नाही, सायलेन्सर नाही, ऑइल बदलणे नाही, हेडचे काम नाही. ज्या कामांवर आज हायवेकडेच्या गॅरेजची चूल पेटते, त्यांतली निम्मी कामे या गाडीत उरतच नाहीत. उरतात ती बॅटरी, कंट्रोलर, मोटर, वायरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन. ज्याला ही समजली त्याच्या हाताला काम राहील. ज्याला समजली नाहीत त्याने काय गाडी धुण्यावर आयुष्य काढायचे?

हे सारे परदेशातच चालले आहे असेही नाही. २०२२ साली रतन टाटांच्या वापरासाठी टाटा नॅनोची विजेवर चालणारी गाडी तयार करून देण्यात आली. आपल्या कर्जत तालुक्यातले माथेरान पाहा. पिढ्यान्‌पिढ्या माणूस माणसाला हातरिक्षात बसवून लाल मातीच्या चढावर ओढत होता. २०२२ च्या डिसेंबरात तेथे ई-रिक्षा प्रायोगिक स्वरूपात सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा माणुसकीला न शोभणारी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. इंग्लंडात शर्यत जिंकणारी आणि येथे माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरवणारी शक्ती एकच आहे. परंतु ती रिक्षा बंद पडली तर दुरुस्त कोण करणार? बाहेरून कोणी यायचे की ज्याने ती ओढली त्याच्याच मुलाने करायची? याचे उत्तर आपल्याला आजच ठरवावे लागेल.

मात्र उत्साहाच्या भरात तीन गोष्टी विसरू नयेत.

पहिली, जिवाची. बारा व्होल्टच्या बॅटरीवर काम केलेल्या हाताला वाटते की बॅटरीचा शॉक बसत नाही. चारशे व्होल्टची डी.सी. वीज माणसाला जागीच ठार करते. स्विच बंद केला तरी बॅटरीच्या पोटात वीज असतेच. लिथियमने पेट घेतला की ती आग सहज आटोक्यात येत नाही. शिक्षण, रबरी हातमोजे आणि अनुभवी उस्ताद यांशिवाय तिला हात लावू नये.

दुसरी, कायद्याची. जुनी गाडी मनाला वाटेल तशी बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ त्यासाठीच आहे. २०१६ पासून विजेचे किट बसवण्याचे नियम झाले आहेत. पण किट पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेने मान्य केलेले हवे आणि आर.टी.ओ.त आर.सी.वर तशी नोंद हवी.

तिसरी, रस्त्याची. रात्री हायवेवर पैजा लावून गाड्या पळवणे हा पराक्रम नव्हे. कलम १८९ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मूल अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ नुसार पालकालाही तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि पंचवीस हजारांचा दंड आहे. स्मिथची गाडी बंद धावपट्टीवर पळाली हे मुलांना आवर्जून सांगावे.

दहावीचा निकाल लागला की आपण घाईघाईने मुलाला कोठेतरी चिकटवून देतो. यंदा तसे करू नका. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड आहेच. आता ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हाही ट्रेड अभ्यासक्रमात आला आहे. जवळच्या कोणत्या आय.टी.आय.त तो आहे, याची फॉर्म भरण्यापूर्वी स्वतः जाऊन चौकशी करा. मुलींसाठीही करा, येथे पाठीवर इंजिन उचलायचे नाही, मीटर वाचायचे आहे. जो मुलगा आधीच गॅरेजमध्ये आहे त्याला एक मल्टिमीटर घेऊन द्या आणि रविवारी दोन तास एखाद्या जाणत्या वायरमनकडे बसवा. मोबाइलच्या रिचार्जपेक्षा हा खर्च नक्कीच सत्कारणी लागेल.