शब्दांची वही आणि चाळीस मिनिटे

दरवर्षी नोव्हेंबर महिन्याच्या अखेरच्या रविवारी देशातील सुमारे तीन लक्ष तरुण-तरुणी संगणकासमोर बसून एक परीक्षा देतात. अहमदाबाद, कोलकाता व बेंगळुरू येथील भारतीय व्यवस्थापन संस्था आणि पुढे निघालेल्या त्यांच्या धाकट्या बहिणी यांचे दार उघडणारी ही 'कॅट' परीक्षा होय. नागपूरची संस्था २०१५ साली सुरू झाली आणि २०२३ साली मुंबईतील 'नीटी' हीही या कुटुंबात आली. आपल्याकडील मुलांना ही संस्था आता परमुलखातील वाटण्याचे कारण उरलेले नाही. तरीही मराठी माध्यमातून आलेला पदवीधर या परीक्षेच्या नावाने बिचकतो. गणिताची त्याला तेवढी धास्ती नसते. तो बिचकतो तो इंग्रजीच्या विभागाला.

प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एक मुलगा मिरज तालुक्यातला. बी.कॉम. उत्तम गुणांनी झालेला. गेल्या वर्षी तो मजकडे आला तेव्हा त्याच्या काखेत दोनशे पानी रजिस्टर होते. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी अर्थ. रोज पंधरा या हिशेबाने त्याने तीन हजारांवर शब्द पाठ केले होते आणि ते खरोखर पाठ होते; मी कोठलेही पान उघडून विचारावे आणि त्याने अर्थ सांगावा. मग मी त्याला शहरांत पावसाळ्यात पाणी का तुंबते यावरील एका इंग्रजी निबंधाचे पान वाचावयास दिले आणि लेखकाचे म्हणणे काय ते सांग, असे म्हटले. त्याने एकेका वाक्याचे भाषांतर केले. त्यात चूक नव्हती. शेवटच्या वाक्यापाशी तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. "पण लेखकाचे म्हणणे काय?" मी पुन्हा विचारले. "अर्थ सगळा सांगितला की, सर," तो म्हणाला.

त्या मुलाची एका वर्षाची मेहनत अशा परीक्षेसाठी खर्च झाली होती, जी आज अस्तित्वातच नाही. एके काळी या प्रश्नपत्रिकेत समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, गाळलेल्या जागा, व्याकरणदृष्ट्या शुद्ध वाक्य ओळखणे असे प्रश्न असत. त्या काळात नॉर्मन लुईस यांचे शब्दसंग्रह वाढविणारे पुस्तक आणि रेन-मार्टिन यांचे व्याकरण यांवर विद्यार्थी विसंबून राहत, ते योग्यच होते. गेल्या सुमारे दहा वर्षांत हे प्रश्न जवळजवळ नाहीसे झाले. अलीकडच्या प्रश्नपत्रिकांत या विभागात २४ प्रश्न आणि त्यांसाठी ४० मिनिटे असतात. त्यांतील १६ प्रश्न चार उताऱ्यांवर, प्रत्येक उतारा सुमारे पाचशे शब्दांचा. उरलेल्या आठांत परिच्छेदाचा सारांश निवडणे, विस्कटलेल्या वाक्यांचा क्रम लावणे, परिच्छेदात न बसणारे वाक्य हुडकणे, सुटलेल्या वाक्याची जागा शोधणे हे प्रकार येतात. बरोबर उत्तराला तीन गुण, पर्यायांतून निवडलेले उत्तर चुकल्यास एक गुण वजा. शिवाय बहुतेक संस्था प्रत्येक विभागाची किमान पातळी स्वतंत्रपणे पाहतात. त्यामुळे गणितात कितीही कमाई केली तरी तिने इंग्रजीचे कर्ज फिटत नाही.

येथे थोडा हिशेब करावा. चार उतारे मिळून दोन हजार शब्द झाले. मिनिटाला दोनशे शब्द वाचणाऱ्यास त्यांना दहा मिनिटे लागतील आणि प्रश्नांसाठी तीस उरतील. मनातल्या मनात भाषांतर करीत मिनिटाला ऐंशी शब्दांनी चालणाऱ्यास पंचवीस मिनिटे लागतील. त्याच्या हाती पंधरा मिनिटे राहतील, आणि पर्याय वाचावयाचे तर अजून बाकीच आहे. आमचा रजिस्टरवाला विद्यार्थी शब्द अडल्यामुळे मागे पडत नाही. प्रत्येक शब्द मराठीत आणून ठेवल्यावाचून पुढे जावयाचे नाही, ही जी त्याला शाळेपासून लागलेली शिस्त आहे, तिच्यामुळे तो मागे पडतो.

ही शिस्त त्याला आपणच लावली, हे शिक्षकबंधूंनी मान्य करावे. मीही अनेक वर्षे वर्गात हेच केले. धडा वाचावयाचा, ओळीगणिक मराठी अर्थ सांगावयाचा, मुलांनी तो पेन्सिलीने शब्दाच्या डोक्यावर लिहावयाचा. मग धड्याखालील प्रश्न. त्यांचे उत्तर धड्यातील अमुक ओळीत असते. ती ओळ शोधून उतरवून काढली की गुण मिळतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्पिढ्या मराठी माणसाला इंग्रजी शिकविले आणि तिचे ऋण विसरण्याजोगे नाही. पण भाषांतर ही शिडी होती. आम्ही तिलाच माडी समजून तिच्यावर मुक्काम केला. पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास राज्यात २००० साली प्रारंभ झाला, वर्षे वाढली, पण पद्धत बव्हंशी तीच राहिली.

'कॅट'मधील प्रश्नाचे उत्तर ओळीत सापडत नाही. एक नमुना घेऊ. समजा, उताऱ्याचा आशय असा आहे : १८७६ ते १८७८ या वर्षांतील दख्खनच्या दुष्काळात रेल्वे होती. तिने दुष्काळी भागात धान्य आणले; परंतु जेथे लोकांच्या हाती पैसा उरला नव्हता तेथून धान्य उचलून अधिक भाव देणाऱ्या बाजाराकडेही तिनेच नेले. आता विचारले, लेखकास यांपैकी कोणते विधान मान्य होईल? पहिला पर्याय, रेल्वेमुळे दुष्काळ पडला. दुसरा, रेल्वेमुळे दुष्काळाची झळ कमी झाली. तिसरा, धान्य कोठे जाणार हे रुळांनी ठरविले नाही, भावाने ठरविले. चौथा, इंग्रजांनी रेल्वे बांधली ती येथील धान्य बाहेर नेण्यासाठी.

मी हा प्रश्न पाच-सहा विद्यार्थ्यांना मराठीतच घातला. बहुतेकांनी चौथा पर्याय निवडला. का, असे विचारता एकाने सांगितले, "ते खरेच आहे ना!" असेल. इतिहासाच्या वर्गात त्यावर खुशाल वाद घालावा. परंतु या लेखकाने रेल्वे कशासाठी बांधली याविषयी अवाक्षर काढलेले नाही. पहिल्या पर्यायात त्याच्या तोंडी भलतेच विधान घातले आहे, दुसऱ्यात त्याचे अर्धेच म्हणणे आहे. उत्तर तिसरे. लक्षात घ्यावे की येथे इंग्रजीचा एकही शब्द नव्हता आणि तरीही उत्तर चुकले. मला जे ठाऊक आहे, मला जे पटते, आणि समोरचा माणूस जे म्हणतो, या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवण्याची सवय नसणे, हा दोष इंग्रजीच्या खात्यावर टाकता येणार नाही.

सारांशाच्या प्रश्नाचेही तसेच आहे. सरकारी कचेरीत टिप्पणी लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाला तो अवघड जाऊ नये. चाळीस कागदांच्या धारिकेतून 'प्रकरण काय, अडले कोठे, मागणी काय' हे चार ओळींत साहेबांपुढे ठेवणे हीच त्याची रोजची परीक्षा असते. आपल्या पदरचे काही घालावयाचे नाही आणि मुद्द्याचे काही सोडावयाचे नाही. वाक्यांचा क्रम लावतानाही 'तथापि' कोणाला उत्तर देते आणि 'ही पद्धत' म्हणजे मागे सांगितलेली कोणती पद्धत, एवढे पाहता आले की अर्धे काम होते.

मग तयारी कशी करावी? माझे मत विचाराल तर रजिस्टर मिटावे आणि पूर्ण निबंध वाचावे. पण एकदम परक्या विषयांत उडी घेऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावर एक इंग्रजी निबंध प्रसिद्ध केला. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या त्यांच्या लेखनाच्या पहिल्याच खंडात तो आहे आणि तो खंड पुष्कळ ग्रंथालयांत मिळतो. दोन एकरांच्या तुकड्यावर वाढलेल्या मुलाला या निबंधाचा विषय कोणी समजावून देण्याची गरज नाही. शेत लहान म्हणून शेती तोट्यात, सबब तुकडे एकत्र करा, असे त्या वेळचे तज्ज्ञ म्हणत होते. आंबेडकर विचारतात, लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? शेतकऱ्यापाशी असलेले भांडवल व अवजारे यांच्या मानाने पाहिले तर आहे तेच शेत मोठे ठरते, असे ते दाखवितात. आणि जमिनीवरील माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळविणे हा उपाय सांगतात. हा निबंध आठवडाभर पुरवून वाचावा. प्रत्येक परिच्छेदापाशी थांबून, येथे ते कोणाला खोडून काढीत आहेत, कोठे प्रतिपक्षाचे म्हणणे तात्पुरते मान्य करीत आहेत, हे मराठीत एका वाक्यात लिहावे. केवळ तुकडे जोडण्याचा कायदा झाला असता तर त्यांनी काय म्हटले असते, असा प्रश्न स्वतःला घालावा. परीक्षेत विचारतात तो प्रश्न याच जातीचा असतो.

इरावती कर्वे यांचे 'युगान्त' मराठीत वाचून मग १९६९ सालची त्याची इंग्रजी आवृत्ती हाती घ्यावी. परीक्षेतील उतारे मानववंशशास्त्र, पर्यावरण, तत्त्वज्ञान, अर्थकारण अशा विषयांवरचे असतात आणि विद्यार्थी पुष्कळदा भाषेने नव्हे, विषयाच्या अनोळखीपणाने गांगरतो. अशा वेळी मराठी विश्वकोशातील नोंद आधी वाचावी. विषयाची तोंडओळख मराठीत करून घेतली म्हणून इंग्रजी बिघडत नाही. शब्द पाठ करणे अगदीच वाया जाते असेही मी म्हणत नाही. राज्याच्या सीईटीत २०० पैकी ५० प्रश्न इंग्रजीचे असतात आणि तेथे शब्दार्थ व व्याकरण यांना अजून भाव आहे. मात्र दोन परीक्षांची तयारी एकाच रजिस्टरात होईल, असे क्लासवाले सांगत असतील तर त्यांच्या सोयीसाठी ते सांगत आहेत, एवढे समजून असावे.

इतके झाल्यावरही एक तक्रार शिल्लक राहते आणि ती विद्यार्थ्यांची नव्हे. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा २०१७ पासून मराठीत देता येते, अभियांत्रिकीची 'जेईई मेन' २०२१ पासून. 'कॅट' केवळ इंग्रजीत होते. इंग्रजीचा विभाग इंग्रजीत असावा याबद्दल वाद नाही; या संस्थांत शिक्षण इंग्रजीतच चालते. पण उरलेले दोन विभाग आकडेमोडीचे आणि तर्काचे आहेत. तर्काच्या विभागात पाच कंपन्या, चार शहरे आणि सात अटी यांचे लांबलचक इंग्रजी वर्णन वाचून मग कोडे सोडवावयाचे असते. म्हणजे भाषेची परीक्षा एकदा घेतल्यावर ती दुसऱ्या नावाने पुन्हा घेतली जाते. हे दोन विभाग भारतीय भाषांत उपलब्ध करणे संगणकाच्या पडद्यावर अशक्य नाही. 'जेईई'ने ते करून दाखविले आहे. व्यवस्थापन संस्थांनी ते का केले नाही, हे त्यांनी एकदा सांगावे.

मिरजेचा तो विद्यार्थी आता रोज एक निबंध वाचतो. रजिस्टर त्याने टाकलेले नाही. त्याची कोरी पाने उरली होती, त्यांवर तो सारांश लिहितो. परवा त्याने रेल्वेच्या प्रश्नावर मला उलट प्रश्न केला : तिसरा पर्याय बरोबर खरा, पण उताऱ्यात 'ठरविले' असे कोठे म्हटले आहे?