हायस्कूल कोणाचे?

‘पब्लिक स्कूल’ या शब्दांची आपल्याकडे जेवढी विटंबना झाली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दांची झाली असेल. ज्या शाळेच्या फाटकातून सामान्य जनतेचे मूल आत जाऊ शकत नाही, ती आपल्याकडे पब्लिक स्कूल! अमेरिकेत या शब्दांचा अर्थ सरळ आहे. लोकांच्या करावर चालणारी आणि म्हणूनच गावातील प्रत्येक मुलासाठी उघडी असलेली शाळा, ती पब्लिक स्कूल.

आमच्या अधिकारी-बंधूंमध्ये एक मत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. सरकारने अक्षरओळख करून द्यावी. पुढे ज्याला शिकायचे असेल त्याने स्वतःच्या खिशातून शिकावे. आमच्या करावर इतरांच्या मुलांनी हायस्कुलात का जावे? हा प्रश्न आपणच प्रथम विचारीत आहोत, असा या मंडळींचा समज दिसतो. तो दीडशे वर्षांपूर्वी विचारून झाला आहे, आणि त्याचा निकालही लागला आहे.

मिशिगन राज्यात कॅलामझू नावाचे गाव आहे. आजही त्याची वस्ती पाऊण लाखाच्या आतच. त्या काळी तर ते खेडेच होते. तेथील सार्वजनिक हायस्कूल कित्येक वर्षे चालू असताना १८७३ साली चार्ल्स स्टुअर्ट आदी प्रतिष्ठित करदात्यांनी फिर्याद केली. स्टुअर्ट हे माजी सिनेटर. त्यांचे म्हणणे असे की, लिहिणे-वाचणे शिकविण्यापुरता कर रास्त. पण लॅटिन वा परभाषा ही मूठभरांची भूषणे, त्यांचा भार सर्वांवर कशासाठी?

१८७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फिर्याद फेटाळली. निकालपत्र न्यायमूर्ती टॉमस कूली यांचे. त्यांनी राज्याच्या शिक्षणविषयक धोरणाचा आरंभापासूनचा इतिहास तपासला आणि दाखवून दिले की, व्यापक अर्थाने शिक्षण हा गरीब-श्रीमंत सर्वांना उपलब्ध करून द्यावयाचा व्यावहारिक लाभ आहे; पैसेवाल्यांनी विकत घ्यावयाचा अलंकार नव्हे. खाली प्राथमिक शाळा, वर विद्यापीठ आणि मधला जिनाच नाही, अशी इमारत कोणता शहाणा बांधील? पुढे इतर राज्यांतील न्यायालयांनीही या निकालाचा आधार घेतला.

त्याच गावात २००५ साली काही निनावी दात्यांनी एक संकल्प जाहीर केला. गावच्या सार्वजनिक हायस्कुलातून उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींची राज्यातील सरकारी महाविद्यालयांची व विद्यापीठांची फी ते देणार. बालवर्गापासून तेथे शिकलेल्यास संपूर्ण. केवळ नववी ते बारावी शिकलेल्यास ६५ टक्के. गुणांची अट नाही, बापाच्या उत्पन्नाची चौकशी नाही. वर्षानुवर्षे ओसरत चाललेली तेथील शाळांची पटसंख्या त्यानंतर वाढू लागली. पदवी मिळविणाऱ्यांचे प्रमाणही वाढल्याचे गावातीलच अपजॉन संस्थेच्या अभ्यासकांना आढळले. कोणी म्हणेल, ही श्रीमंत देशातील दानशूरांची गोष्ट झाली. पण दान आले ते कराने उभारलेल्या शाळेवर. १८७४ साली ते हायस्कूल बंद पडले असते, तर हे दाते आपले दान ठेवणार होते कोठे?

आता आपल्या घरात डोकावू. आपला २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. आठवी संपली की हक्क संपतो. म्हणजे हायस्कुलाच्या उंबरठ्यावरच कायदा मुलाचा हात सोडतो. आम्हां बदलीच्या नोकरदारांना मात्र या उंबरठ्याची ठेच लागत नाही. आमच्यासाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालये आहेत, आणि बारावीपर्यंत शिक्षणभत्ताही आहे. तो भत्ता कोणाच्या करातून येतो? आमच्या वसाहतीच्या दारात भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई काडेपेटीवरही कर भरते. त्या करातून आमचा मुलगा बारावीपर्यंत शिकतो, आणि तिच्या मुलीने नववीत जावे की नाही याचा वाद आम्ही घालतो!

सवलतींना आमचा विरोध नाही; आम्हीही त्या घेतो. आमचे म्हणणे एवढेच की, जे आम्हांला सवलत म्हणून मिळाले ते तिला हक्क म्हणून मिळाले पाहिजे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी खुशाल स्टुअर्टसाहेबांच्या बाजूने उभे राहावे. मात्र तत्पूर्वी शिक्षणभत्त्याचा या वर्षीचा अर्ज त्यांनी मागे घ्यावा.