पहिली बाई, पण कुणाच्या जिवावर?

‘पहिली बाई’ या शब्दांवर आपल्या चळवळीचा फार जीव आहे. पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली दिग्दर्शिका. आठ मार्चच्या पोस्टर प्रदर्शनात त्यांची चित्रं लागतात, शिबिरांत त्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात. ते योग्यच आहे. इतिहास लिहिणाऱ्यांनी बायकांना गाळलं, तेव्हा ती नावं शोधून काढणं हे आपलंच काम. पण एखादं नाव या यादीत घालताना आपण काही विचारतो का? की ती बाई होती आणि पुढे गेली, एवढं पुरे?

हा प्रश्न जगभरच्या स्त्रीवाद्यांपुढे एका नावाने उभा केला. ते नाव म्हणजे लेनी रीफेनश्टाल, हिटलरच्या काळातली जर्मन दिग्दर्शिका. तिच्याविषयी मत बनवायचं तर तिला एकटीला पाहून चालणार नाही. ती आधी नटी होती. तिच्याच वयाच्या, तिच्याच शहरात काम करणाऱ्या दुसऱ्या नट्यांच्या शेजारी तिला उभी करून पाहायला हवी.

ही पिढी १९०० च्या आगेमागे जन्मलेली. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा या मुली वयात येत होत्या किंवा नुकत्याच आल्या होत्या. जर्मन बायकांना मताचा हक्क मिळाला आणि जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी पहिल्यांदा राष्ट्रीय निवडणुकीत मतदान केलं. बर्लिनमध्ये नाटकं, कॅबरे, सिनेमाचे स्टुडिओ यांची भरभराट झाली. मुलगी आपल्या कमाईवर, आपल्या मर्जीने राहू शकते, हे या नट्यांनी नुसतं पडद्यावर दाखवलं नाही, त्यातल्या अनेकींनी तसं जगून दाखवलं.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. मार्चच्या अखेरीस ‘उफा’ या सर्वांत मोठ्या चित्रपट कंपनीने ज्यू कर्मचाऱ्यांना काढून टाकायचा निर्णय घेतला. त्याच वर्षी सरकारने चित्रपट व्यवसायासाठी एक मंडळ काढलं. त्याचं सभासदत्व असल्याशिवाय सिनेमात काम मिळेना, आणि ज्यूंना सभासदत्व नाही. म्हणजे कोण काम करणार आणि कोण उपाशी राहणार, हे प्रचारमंत्री गोबेल्सच्या हातात गेलं. आता प्रत्येकीला ठरवायचं होतं. अर्थात, ठरवायची मोकळीक सगळ्यांना सारखी नव्हती.

मार्लेने डीट्रिश, जन्म १९०१. ‘द ब्लू एंजल’ या चित्रपटाने १९३० मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि लगेच अमेरिकेला गेली. नाझींनी तिला परत बोलावून पाहिलं. तिने नकार दिला. १९३९ मध्ये ती अमेरिकन नागरिक झाली, आणि युद्धात आघाडीवर जाऊन हिटलरविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांसमोर गायली. १९६० मध्ये ती गाण्याच्या दौऱ्यासाठी जर्मनीत आली तेव्हा ‘परत जा’ असे फलक तिच्यासमोर धरले गेले. डुसेलडॉर्फला एक तरुणी तिच्या तोंडावर थुंकली. बर्लिनने तिला सन्माननीय नागरिक केलं ते २००२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. तिलाही देवी करायचं कारण नाही. तिची सख्खी बहीण आणि मेव्हणा बेर्गेन-बेल्सेनला नाझी सैनिकांसाठी सिनेमा थिएटर चालवत होते. हे कळल्यावर मार्लेनेने आपल्याला बहीणच नाही असं सांगायला सुरुवात केली. शिवाय हॉलिवूडचा करार हातात असताना नकार देणं सोपं, असंही कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. तरीही तिने नकार दिला हे खरंच.

डोरा गेर्सोन, जन्म १८९९. कॅबरेत गाणारी, मूकपटांत काम केलेली ज्यू नटी. तिच्याकडे कुठलाच करार नव्हता. ती हॉलंडला गेली, तिथेही जर्मन सैन्य पोचलं. १९४२ मध्ये नवरा आणि दोन लहान मुलांसह तिने स्वित्झर्लंड गाठायचा प्रयत्न केला आणि पकडली गेली. फेब्रुवारी १९४३ मध्ये ऑश्विट्झला चौघांनाही मारण्यात आलं. तिचा पहिला नवरा होता फाइट हार्लान. ज्यूंविरुद्ध विष पेरणारा ‘ज्यू ज्यूस’ हा १९४० चा चित्रपट याच हार्लानने दिग्दर्शित केला.

झिबिले श्मिट्स, जन्म १९०९. ती देशातच राहिली, नाझी काळात चित्रपट करत राहिली. युद्धानंतर कामं मिळेनाशी झाली, ती मॉर्फिनच्या आहारी गेली, आणि १९५५ मध्ये झोपेच्या गोळ्या घेऊन तिने जीव दिला. ‘पोट भरायला थांबले’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींत ती होती. तिच्याकडून आपण वीरपणाची मागणी करणार नाही. दडपशाहीत गप्प राहिलेल्या प्रत्येक बाईला अपराधी ठरवायला आपण न्यायाधीश नाही.

आणि लेनी रीफेनश्टाल, जन्म १९०२. नर्तिका, मग पर्वतांवरच्या चित्रपटांची नायिका. १९३२ मध्ये तिने ‘निळा प्रकाश’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला, तोही कॅमेऱ्यामागे पुरुषांचंच राज्य असताना. पटकथेत बेला बालाझ या ज्यू लेखकाचा वाटा होता. पुढच्या वर्षी त्याने आपले पैसे मागितले, तेव्हा लेनीने त्याच्या दाव्याचा निकाल लावायचा अधिकार ज्यूद्वेषाने कुप्रसिद्ध असलेल्या युलियस श्ट्राइखरला लिहून दिला. नंतर चित्रपटावरून बालाझचं नावही गेलं. मग हिटलरच्या मेळाव्यावरचा ‘इच्छाशक्तीचा विजय’ आणि ऑलिंपिकवरचा चित्रपट आला. ‘टीफलांड’साठी तिने छावण्यांत कोंडलेल्या शंभराहून अधिक सिंती आणि रोमा लोकांना गर्दीत उभं केलं. त्यांत बायका होत्या, मुलंही होती. त्यातल्या अनेकांना पुढे ऑश्विट्झला पाठवलं गेलं. २००२ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, ती म्हणाली की ती सगळी माणसं आपल्याला युद्धानंतर भेटली होती. रोमांच्या संघटनेने तक्रार केल्यावर तिला ते विधान मागे घ्यावं लागलं.

या बाईला स्त्रीवाद्यांनी जवळ केलं का? काहींनी केलं. १९७३ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवाच्या पोस्टरवर एका नामवंत चित्रकर्तीने तीन दिग्दर्शिकांची नावं मानाने लिहिली. त्यात लेनी होती. सुसान सोन्टागने १९७५ मध्ये यावर कडक लेख लिहिला. एवढी एकच थोर दिग्दर्शिका हाताशी असताना तिला सोडून देणं बायकांना जड जातं, हे तिने नेमकं ओळखलं होतं.

लेनीच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. हार्लानवर खटला झाला, तो १९४९ आणि १९५० मध्ये निर्दोष सुटला आणि पुन्हा चित्रपट काढू लागला. लेनीला ‘टीफलांड’नंतर एकही कथाचित्रपट पुरा करता आला नाही. पुरुषांना माफी आणि बाईला बहिष्कार, हा दुजाभाव खराच आहे. पण त्याचा अर्थ हार्लानलाही जाब विचारायला हवा होता, एवढाच होतो. लेनीला सूट द्यावी असा होत नाही.

‘मी फक्त कलावंत होते, राजकारण मला कळत नव्हतं,’ असं ती १०१ व्या वर्षी मरेपर्यंत सांगत राहिली. २०२४ मध्ये तिच्या खाजगी दप्तरावरून निघालेल्या माहितीपटाने हा बचाव पुन्हा तपासून पाहिला. आपल्याला तर तो बचाव विशेष खटकला पाहिजे. ‘बायकांना राजकारणातलं काय कळतं’ हे वाक्य आपण आयुष्यभर खोडत आलो. मग सोयीचं असेल तिथे तेच वाक्य ढाल म्हणून कसं चालेल? बाई कर्तृत्ववान आहे असं म्हणायचं, तर ती जबाबदारही आहे असंच म्हणायला हवं.

बाई पुढे गेली की बायका पुढे गेल्या, हे गणित दर वेळी सुटत नाही. ‘टीफलांड’च्या गर्दीत उभ्या केलेल्या रोमा बायकाही बायकाच होत्या, आणि आपल्या यादीत त्यांच्यासाठी जागा नाही. म्हणून पुढच्या प्रदर्शनात ‘पहिली’चं पोस्टर लावताना गटाने एकत्र बसून विचारावं: ही वर चढली ती कुणाच्या जिवावर? ज्यांच्या जिवावर चढली, त्यांत कोण बायका होत्या? लेनीचं पोस्टर लावायचंच असेल तर लावा. पण त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, डोरा गेर्सोनचं नाव असू द्या.