चूक दाखवणे हीही मैत्री



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील तरुणांनी एक नवे काम हाती घेतले आहे. कोणी आपल्या शाळेचे संकेतस्थळ तयार करतो, कोणी विहाराचे, कोणी वस्तीतल्या वाचनालयाचे, तर कोणी जयंती उत्सव समितीचे. या कामाचे रीतसर शिक्षण त्यांतल्या बहुतेकांनी घेतलेले नसते. मोबाइलवरचे धडे पाहून, मित्राचा लॅपटॉप मागून, रात्री जागून ते हे करतात. मोबदला कोणी देत नाही. काम पुरे झाले की त्याची लिंक माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर येते. पाच मिनिटांत अंगठे, टाळ्या, निळे झेंडे आणि 'अप्रतिम' या शब्दाची रांग लागते. एखादा मात्र 'हा काय पोरखेळ मांडला आहे' असे लिहून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी गटावर दुसरा विषय निघतो. संकेतस्थळ होते तसेच राहते आणि ते करणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या पदरात त्यातून काहीच पडत नाही.

कोरडी शाबासकी आणि कुचेष्टा या दोन्हींतून काम पाहणाऱ्याची सुटका होते; काम करणाऱ्याला मदत मिळत नाही. तिसरी रीत आहे ती वेळ देऊन पाहण्याची, नेमकी उणीव सांगण्याची आणि ती दुरुस्त होईपर्यंत सोबत राहण्याची. ही रीत आपण अंगी बाणवली पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आपल्यात ही रीत का रुजली नाही, याला इतिहास आहे. शतकानुशतके आपल्या चुका काढणारे लोक आपल्या हिताचे नव्हते. उच्चार, हस्ताक्षर, कपडे, बसणे-उठणे यांतली प्रत्येक उणीव दाखवली गेली ती 'हे तुमचे काम नव्हे' असा निवाडा देण्यासाठी. म्हणून चूक हा शब्द कानी पडला की आपल्याला अपमानच ऐकू येतो. पहिल्यांदा शिकणाऱ्या पिढीच्या आई-वडिलांनी व शिक्षकांनी मुलांभोवती कौतुकाचे कुंपण घातले ते याच अनुभवातून, आणि त्या काळी ते आवश्यकही होते. पण आता आपलीच मुले बाहेरच्या जगात स्पर्धा परीक्षांना आणि मुलाखतींना सामोरी जातात. तिथे त्यांची उणीव त्यांना प्रथमच आणि तीही परक्याकडून कळावी, यापेक्षा ती घरच्यांनी वेळेवर आणि मायेने सांगितलेली बरी.

अशा सांगण्याची परंपरा आपल्याला बाहेरून आणावी लागणार नाही. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खुसंघात पवारणेचा विधी होतो. तीन महिने एकत्र राहिल्यानंतर प्रत्येक भिक्खू संघापुढे हात जोडून विनंती करतो की, माझ्यात काही दोष तुम्ही पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल, तर अनुकंपेने सांगा. मी तो सुधारीन. ज्येष्ठ भिक्खूही या विधीतून सुटत नाही. दोष सांगणाऱ्यासाठीही विनयात पाच अटी आहेत: योग्य वेळी सांगावे, खरे तेच सांगावे, सौम्यपणे सांगावे, हिताचे सांगावे आणि मनात मैत्री ठेवून सांगावे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच अटींत आजच्या संगणकाच्या कामासाठीही कोणतीच भर घालण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

बाबासाहेबांच्या कार्यातही हेच दिसते. संविधानाचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये तयार झाला आणि लोकांपुढे ठेवला गेला. बाबासाहेबांनी तो ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडला, तेव्हा सुमारे आठ महिने तो देशभर चर्चेत होता. त्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेबांनी अनेक दुरुस्त्या स्वीकारल्या, अनेक सकारण नाकारल्या. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. पण त्याआधीच 'द बुद्ध अँड हिज गॉस्पेल' या नावाने त्याच्या थोड्या प्रती खासगी वितरणासाठी छापून वाचायला दिल्या गेल्या होत्या. ज्या महामानवाच्या विद्वत्तेला तोड नव्हती, त्यांनी आपले लेखन परीक्षणासाठी पुढे ठेवले. आपल्या मुलांच्या संकेतस्थळाला परीक्षणाची गरज नाही, असे म्हणणे मग कसे शोभेल?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एखादे संकेतस्थळ पाहताना पहिला प्रश्न 'ते सुंदर आहे का' हा नसावा. 'ते कोणासाठी आहे' हा असावा. आमच्या जुना जालन्यातल्या निवासी शाळांत अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांच्या खेड्यांतून मुले येतात. त्यांतल्या अनेकांचे आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्या काळात शाळेशी त्यांचा दुवा म्हणजे हातातला स्वस्त मोबाइल. फडाच्या कडेला, अपुऱ्या रेंजमध्ये, उन्हात डोळे बारीक करून ती आई पाहणार आहे. तिला हवे आहे ते एवढेच: प्रवेशाची तारीख, लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, वसतिगृहाचा फोन क्रमांक आणि शाळेचा पत्ता. ही चार उत्तरे तिला मिळाली नाहीत आणि तारीख टळली, तर मुलीचे वर्ष वाया जाते; कधी कधी शिक्षणच सुटते. संकेतस्थळाच्या परीक्षणात पणाला लागलेली गोष्ट ही आहे.

म्हणून पाहण्याचा एक क्रम आम्ही सुचवतो. आधी खरेपणा पाहावा, मग वाट, मग वाचनीयता आणि शेवटी सौंदर्य.

खरेपणा म्हणजे मजकूर अचूक आहे का. गेल्या वर्षीची प्रवेशसूचना आजही पहिल्या पानावर फिरत असेल, तर बाकी सर्व व्यर्थ. बाबासाहेबांच्या नावावर खपणारी, पण त्यांच्या लेखनात कुठेच न सापडणारी वाक्ये अशा पानांवर फार असतात. वचन छापावे ते ग्रंथ आणि पान तपासूनच. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा आणि मनुस्मृतिदहन २५ डिसेंबर १९२७ चे. या दोहोंची सरमिसळ इतिहासाच्या शिक्षकाने खपवून घेऊ नये.

वाट म्हणजे हवी ती माहिती किती ठिकाणी बोट लावल्यावर मिळते. 'आमच्याविषयी', 'दृष्टी', 'ध्येय', 'मनोगत' यांच्या गर्दीत प्रवेशाचे पान हरवलेले असते. हे तपासण्याचा सोपा उपाय आहे. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० मध्ये असे मांडले की, पाच माणसांना वापरायला देऊन नुसते पाहिले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. आपण पाच पालकांच्या हाती मोबाइल द्यावा, 'प्रवेशाची तारीख शोधा' म्हणावे आणि गप्प बसून पाहावे. जिथे त्यांचे बोट अडते तिथे दोष पालकाचा नसतो, पानाचा असतो.

वाचनीयतेत मराठीच्या खास अडचणी आहेत. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर निरर्थक चिन्हे होऊन उमटतो. सूचनेचा फोटो काढून चिकटवला तर त्यातली अक्षरे शोधात सापडत नाहीत आणि अंध पालकाला वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्यांतले काही कळत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. निळ्या पार्श्वभूमीवर जांभळी अक्षरे तर उन्हात दिसतच नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक असावा, असा जागतिक संकेत आहे. तो मोजण्याची साधने मोफत मिळतात.

सौंदर्य शेवटी. युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी उभारलेले जगातले पहिले संकेतस्थळ म्हणजे साधा मजकूर आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे एवढेच होते. त्यात सरकणारी चित्रे नव्हती की आपोआप वाजणारे गीत नव्हते. आपल्या मुलांनी हौसेने घातलेले फिरते धम्मचक्र काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या वजनाने पान उघडायला मिनिट लागत असेल, तर ते हलके करा, इतकेच.

नोंद कशी ठेवावी, याचा धडा आपल्या जिल्ह्यातच आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या नगरातील उपासकांनी दूर भरहुत आणि सांचीच्या स्तूपांसाठी दान दिले. तिथल्या शिलालेखांत दान देणारा कोण आणि कुठला, हे मोजक्या शब्दांत कोरलेले आहे. म्हणून आज आपण सांगू शकतो की आपली माणसे तिथे होती. आपल्या संकेतस्थळांवर शेकडो छायाचित्रे असतात. पण त्यांखाली वर्ष नाही, प्रसंग नाही, नावे नाहीत. पन्नास वर्षांनी ती पाहणाऱ्याला काय कळेल? 'फोटो छान आहेत' हा अभिप्राय देण्याऐवजी 'मागच्या रांगेत डावीकडून तिसरे आमचे गणिताचे सर' एवढे कळवणारा माजी विद्यार्थी खरे योगदान देतो.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नये. शिष्यवृत्तीच्या याद्या विद्यार्थ्यांची नावे, जात, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांकासह खुल्या टाकलेल्या काही ठिकाणी आढळतात. मुलीचा फोन क्रमांक आणि जात अशी जगापुढे ठेवणे धोक्याचे आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. असे काही दिसले, तर गटावर चर्चा न करता त्याच क्षणी संबंधिताला फोन करावा.

आता सांगण्याच्या रीतीविषयी. 'काही खास जमले नाही' या वाक्यातून करणाऱ्याला काहीही करता येत नाही. 'माझ्या मोबाइलवर प्रवेशाचे पान उघडले, पण तक्त्याची उजवी बाजू कापली जाते' या वाक्यातून त्याला लगेच काम करता येते. आपण काय करत होतो, कोणत्या उपकरणावर पाहत होतो, काय अपेक्षित होते आणि काय घडले, हे सांगावे. जे चांगले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे, म्हणजे दुरुस्तीच्या नादात ते मोडले जाणार नाही. मोठ्या दोन-तीन गोष्टी आधी सांगाव्यात. चाळीस सूचनांची यादी एकदम हाती दिली तर नवखा माणूस हातच टेकतो. उणीव शक्यतो खासगीत आणि कौतुक चारचौघांत. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना एक विनंती: 'सरक, मीच करून देतो' म्हणू नका. तुम्ही केले तर संकेतस्थळ सुधारेल, पण मुलगा आहे तिथेच राहील. शेजारी बसा, कळफलक त्याच्याच हाती असू द्या. आणि पासवर्ड एकट्याकडे न ठेवता शाळेच्या दप्तरी नोंदवायला सांगा. करणारा नोकरीला गेला आणि नावनोंदणीचे शुल्क भरायचे राहिले, की एके दिवशी संकेतस्थळच नाहीसे होते.

ऐकणाऱ्याचीही जबाबदारी आहे. सूचना येताच 'वेळ नव्हता', 'फुकट केले आहे' असे म्हणू नये. आधी लिहून घ्यावे, मग विचार करावा. प्रत्येक सूचना मान्य केलीच पाहिजे असे नाही. पण न मानण्याचे कारण सांगता आले पाहिजे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात प्रत्येक लेखामागे चर्चापान असते आणि कोणता बदल कधी झाला याचा इतिहास जपला जातो. तिथे कोणीही दुरुस्ती करू शकतो. मुलांनी तिथे थोडे दिवस काम केले, तर आपले लेखन दुसऱ्याने सुधारण्याची सवय होईल आणि तो घाव वाटणार नाही.

यात वयाचा मान आड येऊ नये. संस्थेच्या पदाधिकाऱ्याचे मनोगत पहिल्या पानावर फार लांबले आहे, हे नववीच्या विद्यार्थिनीला सांगता आले पाहिजे आणि पदाधिकाऱ्याने ते हसतमुखाने ऐकले पाहिजे. पवारणेत ज्येष्ठही हात जोडतात, ते याचसाठी.

म्हणून आमचा प्रस्ताव असा: दरवर्षी आश्विन पौर्णिमेच्या आसपास शाळेत एक दुपार यासाठी राखून ठेवावी. आश्विन पौर्णिमेलाच पवारणा होते आणि पालक ऊसतोडीला निघण्यापूर्वीचे ते दिवस असतात. संगणक कक्षात पाच पालक, पाच विद्यार्थी आणि पाच माजी विद्यार्थी बसावेत. संकेतस्थळ करणाऱ्याने स्वतः उठून म्हणावे की, तुम्हांला जे दिसले ते सांगा. एका वहीत सूचना लिहाव्यात, त्यापुढे दुरुस्ती करणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी आणि पुढच्या वर्षी ती वही आधी उघडावी. या उपक्रमाला पैसा लागत नाही. लागतो तो एका दुपारचा वेळ आणि एकमेकांविषयीचा विश्वास, आणि या शाळेने इतकी वर्षे तोच तर जपला आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!